पासष्ट हजार पाचशे छत्तीस

२९ सप्टेंबर, बीड

टेलिफोन एक्स्चेंजात चौतीस वर्षं काढली. तिथं प्रत्येक बिघाडाची नोंद करायची शिस्त होती: किती वाजता काय बंद पडलं, कुणी काय केलं, कधी चालू झालं. रिटायर झाल्यावर नोंदवायला बिघाडच उरले नाहीत, त्यामुळे ही वही दोन वर्षं कोरी पडून होती. आजपासून पुन्हा सुरू. चौसाळ्याच्या निरोप केंद्राचा सर्व्हर माझ्या ताब्यात आला आहे.

ही वही आमच्या सौ. सरस्वतीबाई चोरून वाचणार हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या माहितीसाठी चार ओळी. दिवाळी झाली की आपल्याकडची माणसं ऊस तोडायला जातात ती उन्हाळ्यातच परततात. मोबाइल सगळ्यांकडे आहेत, पण उसाच्या फडात चार्जिंग नाही, रेंज नाही, आणि नंबर सारखे बदलतात. इकडे कुणी आजारी पडलं तर तिकडं कळेस्तोवर सगळं आटोपलेलं असतं. म्हणून जाणारा प्रत्येक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, आधी केंद्रात ठावठिकाणा देऊन जातो. कारखाना कुठला, मुकादम कोण, राहायच्या कोप्या कुठल्या गावाच्या शिवारात. टोळी हलली की तिकडचे कार्यकर्ते नवा पत्ता कळवतात. घरून निरोप आला की केंद्र तो पोचवतं. हे सगळं एका जुन्या मशीनवर आहे. कुठल्याशा कंपनीने टाकून द्यायच्या ऐवजी दान दिलेलं. वर युनिक्सच्या घराण्यातली एक जुनी ऑपरेटिंग प्रणाली.

केंद्राच्या प्रमुख स्वप्नाली मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मला काका म्हणतात. म्हणाल्या, "काका, मागच्या वर्षी वीस जण एकदम आले की मशीन मान टाकायचं. यंदा पाच गावांतून नोंदी होणार. सव्वाशे जण एकदम आले तरी चाललं पाहिजे." मी म्हणालो, चालेल. म्हणायला माझं काय जातंय!

रजिस्टर सांभाळायला सत्यभामाबाई आहेत. बेचाळीस-त्रेचाळीसच्या असतील. अकरा हंगाम स्वतः ऊस तोडला, मग दहावी केली, मग इथं लागल्या. सगळं कॉम्प्युटरात असताना ही बाई एका लांबलचक वहीत तेच पुन्हा हाताने लिहिते. कॉम्प्युटरवर भरवसा नाही, दुसरं काय.

सर्व्हरचा मुख्य पासवर्ड बदलला. आता तो फक्त माझ्या डोक्यात आहे.

३ ऑक्टोबर

कामाला हात घातला. डेटाबेस चालतो तेव्हा त्याचे अनेक कामगार एकाच वेळी राबत असतात. सगळ्यांना एकच माहिती दिसावी म्हणून मेमरीत एक सामाईक जागा राखलेली असते. गावात चार घरांचं मिळून एक खळं असतं ना, तसं. खळं लहान असलं की माणसं खोळंबतात. आमचं खळं दोनशे एमबीचं होतं. ते आठशेचं केलं, जोडण्या सव्वाशे केल्या, आणि डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला.

चालू झालाच नाही. दिलेली किंमत चुकीची आहे, एवढंच म्हणाला.

दुपारभर पुस्तकात डोकं घातल्यावर कळलं की खळं केवढं असावं हे नुसत्या डेटाबेसच्या हातात नसतं. खालची प्रणाली वरून मर्यादा घालते. एका तुकड्याची कमाल मर्यादा वेगळी, सगळ्या तुकड्यांची मिळून वेगळी. आधी सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने दोन्ही कायमच्या फाइलीत, म्हणजे मशीन उठताना वाचतं त्या फाइलीत, लिहून ठेवल्या होत्या. पहिली होती २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६ बाइट, म्हणजे २५६ एमबी. आठशे कुठून मावणार! ती मर्यादा एक जीबी केली. दुसरा आकडा नुसता ६५५३६ होता. तो कशाचा ते नीट कळेना, म्हणून त्याला हात लावला नाही.

कमांड देताना प्रत्येक अक्षर अन् आकडा तोंडाने म्हणायची मला एक्स्चेंजपासून सवय आहे. चूक होत नाही. सत्यभामाबाई शेजारी बसून वहीत काहीतरी खरडत होत्या.

४ ऑक्टोबर

आज नवीन तक्रार. आता म्हणतो, जागा शिल्लक नाही.

डिस्क तपासली तर साठ टक्के मोकळी. पण चौतीस वर्षांत एक शिकलो आहे: मशीन जागा नाही म्हणालं तर वाद घालू नये. जागा करून द्यावी.

७ ऑक्टोबर

तीन दिवस साफसफाई चालू आहे. जुने फोटो काढले, मेळाव्यांचे व्हिडिओ काढले, कुणीतरी भरून ठेवलेला एक अख्खा सिनेमा सापडला, तोही काढला. डिस्क पंचाहत्तर टक्के मोकळी झाली. डेटाबेसचं म्हणणं एकच, जागा शिल्लक नाही. दोनशे एमबीवर आणलं की मुकाट्याने चालतो. मोठं करायला गेलं की नाही.

मग नोंदीच्या फॉर्मकडे वळलो. फॉर्मात भारंभार रकाने आहेत. कोपीजवळची खूण, बोलीभाषा, नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव. कोयता म्हणजे जोडी. मुकादमसुद्धा आपल्या यादीत एका कोयत्याला एकच नाव लिहितो, नवऱ्याचं. मग आपण कशाला दोन लिहायची? बायकोच्या नावाचा रकाना काढून टाकला. खूणही काढली.

सत्यभामाबाईंनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"साहेब, बायकांची नावं कावून काढली?"

"जागा नाही, सत्यभामाबाई. मशीनच सांगतंय."

"एका नावाला अशी किती जागा लागती?"

"एकाला थोडी लागते. हजारोंना लागते ना."

त्यांनी आपली वही पुढं ओढली. त्यांच्या वहीत मात्र दोन्ही नावांचे रकाने आहेत, वर खुणेचाही. मी म्हणालो, तुमची वही तुम्ही लिहा, सर्व्हर माझ्याकडे राहू द्या. जरा जास्तच बोललो वाटतं. चहा आला तो गार होता.

रकाने काढूनही जागा शिल्लक नाहीच.

१० ऑक्टोबर

काही सुधारणा नाही. मॅडमनी विचारलं, "काका, कुठवर आलं?" मी काही म्हणायच्या आत सत्यभामाबाई म्हणाल्या, "लाइट सारखी जातीया मॅडम, त्याच्यानं अडलंय." लाइट आज एकदाही गेली नव्हती. या बाईचं लक्ष कामात नसतं.

सरस्वती म्हणते, पुण्याला मुलीला फोन करा, तिचं हेच काम आहे. तिच्याकडून शिकायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही.

१३ ऑक्टोबर

सापडलं! आधी ते कसं सापडलं हे लिहितो, कारण एक्स्चेंजच्या वहीत असली नोंद कधी झाली नसेल.

सकाळी शहादेव मुकादम आला. टोळीच्या नोंदीला कधी येऊ विचारत होता. मी विचारलं, किती जण? म्हणाला, चाळीस. मी चाळीस लिहिलं आणि म्हणालो, एका दुपारी उरकेल. सत्यभामाबाई फिसकन हसल्या.

"साहेब, चाळीस म्हंजी चाळीस कोयते. माणसं ऐंशी."

शहादेव म्हणाला, "मग? माणसं कोण मोजतंय? कोयतेच मोजत्यात की."

"तेच सांगतीया. मुकादम चाळीस म्हणला की गाडी ऐंशीची बघावी लागती. नवीन माणूस हितंच फसतंय."

मी पेन हातात धरून तसाच बसलो. ६५५३६. हा आकडा बाइटचा नसेल तर? मशीनला विचारलं, तू मेमरी मोजतंस कशात? ते म्हणालं, पानांत. एक पान चार हजार शहाण्णव बाइटचं. मोबाइलवर गुणाकार केला, आणि उत्तर आलं २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६. पहिल्या मर्यादेचा जुना आकडा, जसाच्या तसा! आधीच्या माणसाने एकच जागा दोनदा लिहिली होती, एकदा माणसं मोजून आणि एकदा कोयते मोजून. मी पहिला आकडा वाढवला आणि दुसरा तसाच ठेवला. जागा नाही म्हणत होतं ते डिस्कवरची नव्हे, या मर्यादेतली. दहा दिवस मी भलत्याच घरात झाडू मारत होतो.

एक जीबीची पानं होतात २ लाख ६२ हजार १४४. तो आकडा दिला, डेटाबेस चालू केला, आणि पहिल्या फटक्यात उठला. मी टाळी वाजवली. शहादेवला वाटलं त्याच्या टोळीची नोंद झाली, त्यानेही वाजवली.

सत्यभामाबाईंना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तुमच्यामुळे सुटलं. त्या म्हणाल्या, "म्या काय केलं? कोयत्यात माणसं दोन असत्यात एवढंच म्हणले." आणि वहीत लिहून घेतलं.

१४ ऑक्टोबर

पाचही गावांतून एकदम लोक बसवून पाहिले. एकशे अठरा जोडण्या. मशीनने हूं की चूं केलं नाही. मॅडम खूष.

आत्ता दोन्ही मर्यादा चालत्या मशीनवर दिल्या आहेत, कायमच्या फाइलीत लिहिलेल्या नाहीत. एक्स्चेंजचा आमचा नियमच होता, आठ दिवस कच्चं, मग पक्कं. आठ दिवस वागणूक बघायची आणि मगच कायमची नोंद करायची. घाईत पक्कं केलेल्याने मोठाले घोळ झालेले मी पाहिले आहेत. बावीस तारखेला पक्कं करीन.

२६ ऑक्टोबर

दिवाळीचे चार दिवस मुलगी-जावई आले होते, वहीला हात लागला नाही. आज केंद्रात जत्रा. सकाळपासून रांग रस्त्यापर्यंत. गाड्या उद्यापासून निघणार.

एक म्हातारी, जानकीबाई, लेक-जावयाला घेऊन आली होती. जावई अजिनाथ, लेक दीपमाला. त्यांची चार वर्षांची पोर म्हातारीकडेच राहणार. टाइप करणाऱ्या मुलीने अजिनाथचं नाव, मुकादम, कारखाना घातला आणि म्हणाली, झालं.

म्हातारी हलेना. "लेकीचं नाव घातलं का?"

मी म्हणालो, "आजी, कोयता अजिनाथच्या नावावर आहे. त्यातच आली ती."

"त्यातच म्हंजी कशात?"

रांग खोळंबली होती, मी पुढचं नाव पुकारलं. सत्यभामाबाईंनी म्हातारीला आपल्या टेबलाशी नेऊन बसवलं आणि वहीत काय काय लिहून घेतलं. म्हातारी जाताना माझ्याकडे असं बघून गेली की जणू मी तिचं रेशनकार्ड हरवलं आहे.

दिवसभरात सहाशे बारा कोयते नोंदवले. मशीन एकदाही अडलं नाही. आज मला फार बरं वाटतंय, हे लिहून ठेवतो.

३ नोव्हेंबर

गाड्या गेल्या. चौसाळा निम्मं रिकामं झालं. फाट्यावर बसची वाट बघताना नेहमी उभं राहायला जागा नसते, आज बाकडं मोकळं होतं.

सत्यभामाबाईंनी विचारलं, "साहेब, ते पक्कं केलं का?"

"काय पक्कं?"

"आकडे. आठ दिस म्हणलते तुमी."

मी म्हणालो, हंगामात चालत्या मशीनला हात लावत नसतात. हाही एक्स्चेंजचाच नियम आहे. निवांत झालं की बघू.

२४ नोव्हेंबर

तीन आठवडे नोंद करण्यासारखं काही नाही. सर्व्हर एक दिवसही बंद नाही. आतापर्यंत चाळीसेक निरोप पोचले. आजारपणं, दोन बाळंतपणं, एक लग्न ठरल्याचा.

उजव्या डोळ्याला धूसर दिसतं. मोतीबिंदू पिकला म्हणे. सतरा डिसेंबरची तारीख मिळाली.

यूपीएसची बॅटरी कुरकुर करते. नवीन मागवायला मॅडमना सांगायला हवं. सत्यभामाबाईंनी पुन्हा तेच विचारलं, पक्कं केलं का. मी जरा तडकूनच म्हणालो की सर्व्हर चालतोय ना, मग? त्या म्हणाल्या, "चालतोय तवाच इचारते. बंद पडल्यावर कुणाला इचारू?" काय बोलावं या बाईपुढं.

१६ डिसेंबर

उद्या ऑपरेशन. केंद्रात सांगून आलो, तीन दिवस येणार नाही. बॅटरीचं सांगायचं पुन्हा राहिलं. सरस्वतीने आत्ताच बजावलंय, तीन दिवस फोन तिच्या पिशवीत राहील. डोळ्याला त्रास नको म्हणे. फोन कानाला लावतात हे तिला सांगून उपयोग नाही.

२० डिसेंबर

एका डोळ्याने लिहितो आहे. अक्षर वाईट येईल.

आज सकाळी पिशवीतून फोन मिळाला. अठरा तारखेचे केंद्राचे चौदा फोन येऊन गेलेले. मॅडमना लावला. त्या आधी म्हणाल्या, "काका, डोळा कसा आहे?" मी म्हणालो, डोळ्याचं जाऊ द्या, काय झालं ते सांगा. त्यांनी सांगितलं ते क्रमाने लिहितो.

अठराच्या सकाळी सातला लाइट गेली. बॅटरीने पाच मिनिटंही तग धरला नाही आणि मशीन बंद पडलं. नऊला लाइट आली, मशीन उठलं, पण डेटाबेस उठला नाही. उठणार कसा! मशीनने उठताना कायमची फाइल वाचली, आणि त्यात अजून जुने आकडे होते, २५६ एमबीचे. आठ दिवस कच्चं म्हणून ठेवलेलं मी दोन महिने कच्चंच ठेवलं होतं.

दहाच्या सुमाराला केसरबाई नावाची बाई धापा टाकत केंद्रात आली. जानकीबाईची शेजारीण. जानकीबाईचा जुना हर्निया रात्रीतून अडकला होता आणि तिला बीडच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणत होते ताबडतोब ऑपरेशन, दुपार उलटली तर आतडं सडेल. आणि म्हातारी अडून बसली होती. "लेकीचा आवाज ऐकल्याबिगर मी आत जायची न्हाई. मी मेले तर नातीला कुणाच्या हवाली करायचं ते तिला सांगू द्या." कुणाचंच ऐकेना. अजिनाथचा फोन बंद. पाण्यात पडला होता, हे नंतर कळलं. मुकादमाचाही लागेना.

सत्यभामाबाईंच्या वहीत दीपमालाचा ठावठिकाणा होता, पण तो जातानाचा. तिथं फोन लावला तर कळलं, टोळी दहा दिवसांपूर्वीच कर्नाटकात हलली. कुठं, ते कुणाला ठाऊक नाही. नवा पत्ता तिकडच्या कार्यकर्त्याने थेट सर्व्हरवर घातलेला होता, फक्त तिथंच. आणि सर्व्हर बंद. माझा फोन सरस्वतीच्या पिशवीत.

मी मॅडमना विचारलं, "मग?"

मॅडम म्हणाल्या, "मग सत्यभामाबाई तुमच्या खुर्चीवर बसल्या."

बाईंच्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी ऑक्टोबरपासून दिलेली प्रत्येक कमांड होती. एकेक इंग्रजी अक्षर चित्र काढल्यासारखं काढलेलं, समोर मराठीत ती कशासाठी ते. पहिला आकडा माणसांचा, दुसरा कोयत्यांचा, हे त्यांचे शब्द. एका बोटाने वीस मिनिटं टाइप करून त्यांनी दोन्ही मर्यादा दिल्या. डेटाबेस उठला.

मी म्हणालो, पण पासवर्ड? तो तर माझ्या डोक्यात होता. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही टाइप करताना पुटपुटता. आमच्या चहावाल्यालासुद्धा पाठ आहे."

डेटाबेस उठल्यावर मुलींनी दीपमाला नाव घालून शोधलं. एकही नोंद सापडली नाही. पुन्हा शोधलं, पुन्हा नाही. केसरबाई रडायला लागली. सत्यभामाबाई म्हणाल्या, ती सापडायची न्हाई, नवऱ्याच्या नावानं बघा. अजिनाथ घालून शोधलं तेव्हा नवा पत्ता निघाला. ज्यांच्या रानात टोळी उतरली होती त्या शेतकऱ्याचा फोन नंबर होता. तो भला माणूस मोटारसायकलवरून फडात गेला. पाऊण वाजता दीपमाला फोनवर आली.

दवाखान्यात केसरबाईच्या लेकाने म्हातारीच्या कानाला फोन लावला. दोघी काय बोलल्या कुणास ठाऊक. फोन परत देऊन म्हातारी म्हणाली, "आता न्या मला कुठं न्यायचं तिकडं."

ऑपरेशन झालं. म्हातारी वाचली. दीपमाला काल दवाखान्यात पोचली.

फोन ठेवला आणि पट्टी नसलेल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. सरस्वती म्हणाली, डॉक्टरांनी रडायला मनाई केली आहे. मी म्हणालो, त्या डोळ्याला केली आहे, याला नाही.

२३ डिसेंबर

डॉक्टरांचं न ऐकता काळा चष्मा लावून चौसाळ्याला गेलो. एसटीत सगळे मला नेता समजून जागा देत होते.

सत्यभामाबाईंना काय म्हणावं ते वाटेत ठरवलं होतं. पोचल्यावर एकही वाक्य आठवलं नाही. नुसतं म्हणालो, "चुकलं माझं. तुम्ही दोनदा विचारलं होतं."

त्या म्हणाल्या, "तीनदा. एकदा तुमी ऐकलंच न्हाई."

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. कायमची फाइल त्यांनीच उघडली. मला दिसतही नव्हतं नीट. या वेळी त्या पुटपुटत होत्या आणि मी वहीवरून ताडून बघत होतो. एक शून्य सात तीन, सात चार एक, आठ दोन चार. दोन सहा दोन, एक चार चार. फाइल जतन केली.

एक्स्चेंजात दुरुस्ती झाली की आम्ही आपल्याच हाताने लाइन तोडून बघायचो. म्हटलं, आता मशीन बंद करा. त्या दचकल्या. म्हणाल्या, नगं साहेब, आत्ता कुठं उठलंय. मी म्हणालो, रीतसर बंद करा, मग खटकाही पाडा. भरदुपारी, सगळे समोर असताना. त्यांनी देवाचं नाव घेऊन खटका पाडला. पाच मिनिटांनी पुन्हा दाबला. मॅडम, टाइप करणाऱ्या मुली, चहावाला, सगळे पडद्यासमोर उभे. कुणीही काही टाइप न करता डेटाबेस आपोआप उठला.

बॅटरीचंही आजच सांगितलं. पासवर्ड बदलला. सत्यभामाबाईंना कानात सांगितला.

३० डिसेंबर

दीपमाला केंद्रात आली होती. म्हातारीला घरी सोडलंय, हिंडती-फिरती झाली की ही परत फडावर जाणार. कडेवर पोर. हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. आभार वगैरे काही म्हणाली नाही. पदराने पडद्यावरची धूळ पुसली आणि विचारलं, "माझं नाव कुठं हाय यात? मला बघायचंय."

टाइप करणारी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी अजिनाथची नोंद काढून दाखवली. नाव अजिनाथ, कोयता एक.

"अन् मी?"

मी उगाच नोंद खाली सरकवली. कोयता एक, यातला अर्धा तू, हे त्या पोरीच्या तोंडावर कसं सांगायचं?

सत्यभामाबाई आपल्या टेबलावरून म्हणाल्या, आवाज न चढवता, "माझा बाप गेला तवा मी फडात होते. गावाकडून निरोप घिऊन माणूस आलता. टोळीटोळीत माझं नाव इचारीत फिरला. मुकादमाच्या यादीत नवऱ्याचं नाव, माझं कुठंच न्हाई. हितं अशी कुणी बाई न्हाई म्हणले त्याला. मी शंभर पावलांवर मोळी बांधीत होते. तो माघारी गेला. मला तेराव्याच्या दिशी कळलं."

तीन महिने मी या बाईंच्या शेजारी बसतो आहे. त्या वहीत का लिहितात हे एकदाही विचारलं नाही. कोयत्यात माणसं दोन असतात हे त्यांनीच मला शिकवलं, त्यावर माझं गणित सुटलं, मी टाळ्या वाजवल्या. आणि तो काढलेला रकाना परत घालायचं मला सुचलं नाही. जागा तर तेव्हापासून होतीच.

आज घातला. खुणेचाही घातला. सत्यभामाबाई वहीतून वाचणार आणि मी टाइप करणार. दोन हजार एकशे आठ नावं आहेत, आठवडा जाईल. दीपमाला म्हणाली, माझं माझ्यासमोर घाला. घातलं. तरी ती जाईना.

"आता हुडकून दावा."

शोधायच्या चौकटीत मी तिचं नाव घातलं. सवयीने मोठ्याने म्हणतच घातलं, दीपमाला. पडद्यावर आलं, एक नोंद सापडली.

तिने पोरीचं बोट धरून पडद्यावर टेकवलं आणि म्हणाली, "ही बघ, तुझी आई."